चकाकी जायच्या आत

थोरलीला धाकटीचा राग येत नव्हता. राग परवडला असता. राग आला की माणूस दोन शब्द फटकन बोलतं, भांडी आपटतं आणि मोकळं होतं. थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि तेही असं की कुठे दुखतंय हे कुणाला सांगायची सोय नाही.

दोघी सख्ख्या जावा. दोघी दातांच्या डॉक्टर. आणि दोघींचा दवाखाना एकच, सासऱ्यांचा. सासऱ्यांना घरीदारी सगळे आबा म्हणायचे. चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला, बाजूने अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी आबांच्या नावाची पाटी. पाटीवरची अक्षरं उन्हाने इतकी उडाली होती की नवा पेशंट हमखास आधी चष्म्याच्या दुकानात शिरायचा आणि गाल धरून फ्रेमा बघत बसायचा. आबांचा हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं. खिडकीशी असलेली त्यांची खुर्ची चादर घालून झाकलेली असायची. काम चालायचं ते आतल्या दोन खुर्च्यांवर, मधे लाकडी पार्टिशन, एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी.

ते पार्टिशनच मुळात वाईट. वरून उघडं, त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जायचं.

थोरलीचं काम पक्कं होतं, त्यात कुणी खोट दाखवून द्यावी. तिने भरलेला दात माणसाबरोबरच जायचा. पण तिचं बोलणं म्हणजे तीन वाक्यं: तोंड उघडा, मोठं, अजून मोठं. "दुखेल का हो डॉक्टर?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "थोडं." बस्स. पार्टिशनपलीकडे धाकटी त्याच प्रश्नाला म्हणायची, "दुखेल, पण मी आधी सांगेन, मगच दुखेल. हात वर केलात की मी थांबणार. शपथ." आणि पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. दवाखान्यात! दाताच्या खुर्चीत बसून लोक हसतात? थोरलीने इतक्या वर्षांत कुणाला हसवलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

मग एक दिवस त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्या थोरलीच्या जुन्या पेशंट, त्यांच्या तोंडातलं अर्धं काम थोरलीच्या हातचं. थोरली हात धुऊन त्यांची वाट बघत होती, तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला. टेबलाशी बसणाऱ्या मावशींना त्या हळूच विचारत होत्या, "अहो मावशी, त्या हसऱ्या डॉक्टर मोकळ्या आहेत का आज?"

"म्हणजे मी कोण, रडकी?" थोरली नळाला म्हणाली. नळ काय बोलणार!

तिने बाईंना धाकटीकडे पाठवलं, वर "जा ना, जा, काही हरकत नाही" असं गोड हसूनही सांगितलं आणि मग दुपारभर पार्टिशनला कान लावून बसली.

बरं, दवाखान्यातलं दवाखान्यात राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण घरही एकच. धाकटीचा नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातून काही महिने पाहुण्यासारखा घरी यायचा. एरवी जेवायच्या टेबलाशी आबा, थोरली, थोरलीचा नवरा आणि ही. थोरलीचा नवरा पॅकिंगच्या फिल्मच्या कारखान्यात होता. तो फिल्मच्या कंपनीत आहे म्हटलं की लोकांचे डोळे चमकायचे, आणि चीजच्या पाकिटांची फिल्म असं कळलं की लगेच विझायचे. त्याला आपल्या कामाबद्दल बोलायची भारी हौस. थोरलीने लग्नानंतर पहिलं वर्षभर ते सगळं ऐकलं होतं. मग "हं" म्हणायला लागली. मग "हं" सुद्धा बंद झालं.

धाकटी मात्र विचारायची. अगदी हनुवटीला हात लावून विचारायची.

"दादा, म्हणजे तुमची फिल्मपण आयोनोमरचीच? आमच्या दात भरायच्या सिमेंटसारखी?"

झालं! नवऱ्याने घास ताटात ठेवला. "अगं, एकाच घराण्यातली भावंडं ती! लांब लांब साखळ्या, त्यांच्या अंगाला थोडे आम्लाचे गट, आणि धातूचे कण त्या साखळ्यांचे हात एकमेकींत अडकवून धरतात. आमच्याकडे जस्त नाहीतर सोडियम. तुमच्याकडे काचेच्या पुडीतून सुटणारं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम. चीजचं पाकीट बंद करताना कडेला तूपट माखलेलं असतं ना, साधं प्लॅस्टिक तिथे चिकटतच नाही. आमचं तेलातूनही चिकटतं. गोल्फचा चेंडू माहितीये? त्याचं वरचं कवच हेच. इतके दांडके खातो, पण फुटत नाही."

"आणि तापवलं तर?"

"तापवलं की साखळ्या हात सोडतात, गार झालं की पुन्हा धरतात. म्हणून तर ओतता येतं, पुन्हा पुन्हा वितळवता येतं."

"म्हणजे तुमच्याकडे रुसवे काढता येतात," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे एकदाच काय ते. आणि तेही चकाकी आहे तोवरच."

नवरा इतका खूश झाला की त्याने तिला आणखी वाढलं. स्वतः! थोरलीकडे एवढ्या वर्षांत कधी वाढायला वळला नव्हता हा माणूस. थोरलीने ताट उचललं आणि भूक नाही म्हणून उठली. भूक होती, चांगली सपाटून होती. पण आता भूक नाही असं तीच सांगून बसली होती, तेव्हा उपाशी झोपणं आलं.

आता ही चकाकीची भानगड काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

दाताच्या मुळाशी, हिरडी खाली सरकलेल्या जागी, म्हाताऱ्या माणसांना कीड लागते. तिथे भरायला आबांच्या दवाखान्यात एकच माल: ग्लास आयोनोमर सिमेंट. काचेची बारीक पूड आणि आम्लाचा दाटसर रस. दोन्ही एकत्र कालवलं की सुरुवातीला ते ओलं चकाकतं. चकाकी आहे तोवर त्यातलं आम्ल मोकळं असतं, आणि तेच दाताला जाऊन धरतं, मधे गोंद लागत नाही. चकाकी गेली, पृष्ठभाग मातकट झाला, की आम्ल आपल्याच पुडीत गुंतलं. मग तो गोळा भोकात बसतो, दिसतोही झकास, पण दाताला धरत नाही. मिनिटभराचा खेळ. दुसरीकडे सगळे आता कॅप्सूल यंत्रात टाकून हलवून घेतात. धाकटीही तेच शिकून आलेली. पण आबांच्या दवाखान्यात अजून जाड काचेची थंड पट्टी, प्लॅस्टिकचा चपटा चाटू आणि हाताने कालवणं. "घोटायचं नाही, दुमडायचं," आबा सांगायचे. गेलेल्या गोळ्याला त्यांचा शब्द एकच: मेलं.

आणि आबा या कालवण्याच्या बाबतीत वेडेच होते म्हणा ना. आपल्या उमेदीच्या दिवसांत त्यांनी दुसऱ्या कुणाला चाटूला हात लावू दिला नव्हता. पेशंट तोंड उघडून बसलेला असायचा आणि हे स्वतः वळून कालवायचे, स्वतः भरायचे. थोरली नवी सून म्हणून आली, तेव्हा वर्षभर नुसती बाजूला उभी राहून बघत होती. मग एक दिवस आबांनी न बोलता काचेची पट्टी तिच्यापुढे सरकवली. त्या दिवशी थोरलीने आईला फोन करून सांगितलं होतं, आणि आईने "बरं, मग?" असं विचारल्यावर तिला रडूच आलं होतं. पुढे तिची स्वतःची खुर्ची झाली. तिच्याशेजारी उभं राहून मावशी कालवायला लागल्या. पट्टी सरकवल्याचा तो दिवस ती पार विसरून गेली.

तर एका सकाळी आबांनी चहा पिताना गाल धरला. खालचा सुळा, मुळाशी. दोघी सुनांनी आळीपाळीने टॉर्च मारून बघितलं. कीड होती.

"भरून टाकू," आबा म्हणाले. "आणि हो, पाटीही बदलायची आहे. पेंटरला सांगितलंय. माझं नाव आता पुरे झालं. एकीच्या नावाने चालू दे दवाखाना. दोघींनी काम करा, पण शेवटचा शब्द एकीचा असला की बरं असतं. ते मी दात झाला की सांगेन."

थोरलीचा चहा तसाच राहिला. इतकी वर्षं! इतकी वर्षं ती याच दवाखान्यात उभी होती. कुलूप तिने उघडलं, तिनेच लावलं. पाटी दुसऱ्या कुणाच्या नावाची झाली तर ती त्या जिन्याने वर कशी चढणार?

"कोण भरणार?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

आबांनी बशी खाली ठेवली. "धाकटी भरेल," ते म्हणाले. "तू कालव."

तू कालव. थोरलीला वाटलं, कुणीतरी भर चौकात कानाखाली वाजवली. म्हणजे ती मावशींच्या जागी! धाकटी खुर्चीशी बसणार, आरसा घेऊन, दिवा ओढून, आणि ही बाजूला पट्टी घेऊन उभी राहणार, "घ्या डॉक्टर" म्हणत. पाटीचं तर मग विचारायलाच नको. ते ठरलेलंच.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर आबा आत आले. खिडकीशी असलेल्या स्वतःच्या खुर्चीवरची चादर त्यांनी स्वतः काढली आणि आडवे झाले. धाकटीने कीड काढली, दात धुतला, हलक्या हाताने टिपला, गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या. हात तिचा खरंच हलका होता. थोरलीने ते बघितलं आणि बघितलं म्हणून तिला आणखीच वाईट वाटलं.

"ताई, करा सुरू," धाकटी म्हणाली.

थोरलीने चमचा सपाट करून पूड घेतली. बाटली उभी धरून रसाचे थेंब पाडले. पुडीचे दोन भाग केले. पहिला भाग ओढला, दुमडला. दुसरा ओढला, दुमडला. हात आपसूक चालत होते, डोकं त्यात नव्हतंच. गोळा झाला. ओला, चकचकीत, एकदम नामी. आबांनी बघितला असता तर मान हलवली असती.

"द्या," धाकटीने हात पुढे केला.

तेवढ्यात आबा कापसाने भरलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटले. धाकटी वाकली, हसली आणि म्हणाली, "नाही हो आबा, अजिबात घाबरले नाहीये मी." आणि आबांनी तिच्या मनगटावर थोपटलं. दोनदा.

थोरलीचा चाटू थांबला नाही. एकदा दुमडला. पुन्हा दुमडला. उगाच. घाई नसल्यासारखा. तिच्या डोळ्यांदेखत ती चकाकी उडाली, काचेवरची वाफ उडते तशी, कडेपासून मधे. गोळा मातकट झाला.

आता एवढंच म्हणायचं होतं: थांब, दुसरं कालवते. पुडीची बाटली हाताशी होती, रस हाताशी होता. कुणी काही बोललं नसतं. मावशींच्या हातून रोज एखादा गोळा फुकट जायचाच.

थोरलीने पट्टी पुढे केली.

धाकटीने गोळा उचलता उचलता हात रोखला. गोळ्याकडे बघितलं. मग थोरलीकडे बघितलं.

"घे ना," थोरली म्हणाली. "थांबलीस काय?"

धाकटीने गोळा घेतला आणि भरला. कडा सारख्या केल्या, वर व्हॅसलीन लावलं. दिसायला असा सुरेख की फोटो काढावा. आबा उठून बसले, जीभ फिरवून बघितली, दोघींना "झकास" म्हणाले आणि चादर पुन्हा नीट घालून घरी गेले. पाटीबद्दल चकार शब्द काढला नाही. "दोन दिवस जाऊ देत," एवढंच.

त्या संध्याकाळी थोरली पोटभर जेवली. तिला हलकं हलकं वाटत होतं. खोटं कशाला बोला, छान वाटत होतं. पण दुसऱ्या सकाळपासून तिचं निराळंच सुरू झालं. आबांनी काही कडक उचललं की हिचा जीव वर. मऊ उचललं की जीव खाली. नवरा तिकडे धाकटीला काचेच्या दोन तावांमधे आयोनोमरचा थर घातला की फुटलेली काचसुद्धा खाली पडत नाही, जागच्या जागी राहते, असं सांगत होता, आणि थोरली एकटक सासऱ्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"माझ्या तोंडात काय नाटक लागलंय का?" शेवटी आबांनी विचारलंच.

दातात भरलेलं ते पडलं टोस्ट खाताना. आबांनी बशीत काढलं, उठून धुतलं, रुमालात बांधलं आणि कुणाला काही न बोलता दवाखान्यात घेऊन आले. टेबलावर रुमाल उघडून त्यांनी भिंग लावलं. दोघी सुना दोन बाजूंना उभ्या. अख्खा गोळा, कुठे चीर नाही, कुठे चुरा नाही. ज्या बाजूने दाताला धरायला हवं होतं ती बाजू गुळगुळीत.

धाकटी भिंगाजवळ वाकली. "लाळ लागली असणार आबा," ती म्हणाली. "कापूस मधे बदलायला हवा होता. मी बदलला नाही. माझंच चुकलं."

हाच तो क्षण, याचीच तर थोरली इतके दिवस वाट बघत होती! धाकटी चुकली, सगळ्यांसमोर चुकली, स्वतःच्या तोंडाने कबूल झाली. आणि थोरलीच्या तोंडाला कशी कोरड पडली होती. वाळू खाल्ल्यासारखं वाटत होतं.

आबांनी भिंग मिटलं. दोघींकडे वेळ लावून बघितलं, आधी धाकटीकडे, मग थोरलीकडे. थोरलीकडे जरा जास्तच.

"बरं," ते म्हणाले. "पुन्हा भरू. या खेपेला थोरली भरेल. धाकटे, तू कालव."

अखेर! थोरलीला वाटायला हवं होतं, अखेर. चादर निघाली, आबा आडवे झाले, ती खुर्चीशी बसली, दिवा ओढला. जागा तीच, खिडकीशी, जिथे बसायचं म्हणून तिने सगळं केलं होतं. दात धुतला, टिपला, कापूस ठेवला. मागे काचेवर चाटूचा खसखस आवाज येत होता.

"ताई, गेलं हो हे," धाकटी म्हणाली. "थांबा, दुसरं करते." आणि तिने गोळा खरडून केराच्या डब्यात टाकला, पट्टी पुसली आणि पुन्हा पूड काढली. तिला त्यात काहीच वाटलं नाही. पुन्हा खसखस. "हेही मेलं! हात बघा माझा, यंत्राने नासवलाय." पुन्हा डबा, पुन्हा फडकं.

थोरली तशीच बसली होती, आरसा हातात धरून. एवढंच होतं. गेलं, थांबा, दुसरं करते. एवढं साधं वाक्य, आणि ही पोर ते लागोपाठ दोनदा बोलून गेली होती.

"त्या दिवशीचंही मेलेलं होतं," थोरली म्हणाली.

"कुठलं?"

"आबांच्या दातातलं. मी तुझ्या हातात दिलं तेव्हाच मेलेलं होतं. लाळबीळ काही लागली नव्हती. मला दिसलं होतं आणि मी दिलं." आणि मग बांध फुटल्यासारखं, "मला तुझा हेवा वाटतो गं. तू हसतेस त्याचा वाटतो, लोक तुला शोधत येतात त्याचा वाटतो. माझा नवरा तुला चीजची पाकिटं समजावून सांगतो त्याचासुद्धा वाटतो! चीजच्या पाकिटांचा! वेड लागायची वेळ आली मला."

आबांचे डोळे उघडे होते. तोंड कापसाने भरलेलं, थुंकी ओढणारी नळी ओठाला अडकवलेली, ती आपली घुर्र घुर्र करत होती. बोलायची काही सोय नव्हती त्यांना.

धाकटी चाटू धरून उभी राहिली. "मलाही दिसलं होतं, ताई," ती म्हणाली.

"काय?"

"चकाकी नव्हती ते. पण तुम्ही कालवलेलं होतं ना. मला वाटलं, ताईंच्या हातचं आहे, म्हणजे माझेच डोळे चुकत असतील."

थोरलीला वाटलं, हिने त्यापेक्षा दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

तेवढ्यात आबांनी बोट वर केलं आणि स्वतःच्या तोंडाकडे दाखवलं. दात उघडा पडला होता, आणि तमाशा नंतर करा असं ते बोट सांगत होतं. थोरलीने कापूस बदलला, दात पुन्हा टिपला. धाकटीने तिसऱ्यांदा कालवलं. गोळा पुढे आला तो ओला, चकचकीत. आणि एवढं सगळं होऊनही, तो गोळा तसा साधलेला बघून थोरलीच्या पोटात एक बारीकशी कळ आलीच. तिने ती तशीच राहू दिली आणि चटकन भरून टाकलं.

व्हॅसलीन लावून झालं. आबा उठून बसले. तोंड सरळ करायला त्यांना जरा वेळ लागला.

"लाळ लागली असती तर कडा खडूसारख्या पांढऱ्या झाल्या असत्या," ते म्हणाले. "मला गोळा बघितल्याबरोबर कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" थोरलीने विचारलं.

"तू बोलतेस का बघत होतो." त्यांनी रुमालाने ओठ पुसले. "एक सांग. मी आयुष्यभर कालवायला कुणाला दिलं?"

"कुणालाच नाही."

"आणि मग?"

थोरलीला उत्तर माहीत होतं. काचेची पट्टी पुढे सरकली होती तो दिवस तिला आठवला, आईला केलेला फोन आठवला.

"मग मला," ती म्हणाली.

"भरायचं म्हणजे काय गं, तयार माल भोकात लोटायचा. ती लोटणार होती, एवढंच. नवी आहे, भीती मोडावी म्हणून तिला बसवलं. दात मी तुझ्या हातात दिला होता." आबांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. "टेबलाखाली बघ."

टेबलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. थोरलीने कागद सोडला. नवी कोरी पाटी. निळ्यावर पांढरी अक्षरं, रंग अजून चकाकत होता. तिचं नाव. पूर्ण, पदवीसकट, मधोमध.

"त्या सकाळी, तुला कालव म्हणालो आणि तसाच उठून पेंटरकडे गेलो," आबा म्हणाले. "परवा आणून दिली त्याने. पाटी तुझीच आहे. लाव, नको लावूस, काय करायचं ते तूच बघ." आणि खुर्चीवरची चादर न घालताच ते जिना उतरून गेले.

थोरली फरशीवर बसून खूप रडली. मावशींनी पाणी आणून दिलं आणि कुणाचा दात काढलात का, असं विचारलं. धाकटी शेजारी उकिडवी बसली होती. तिने पाटी वाचली, "छान दिसतंय हो ताई," म्हणाली, आणि तिला ते खरंच छान वाटत होतं, तिचं मेलीचं हेच तर असह्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर शिडी घेऊन आला. जुनी पाटी उतरवली. नवी लावण्याआधी थोरलीने त्याला थांबवलं.

"खाली जागा आहे ना? तिथे अजून एक नाव टाकायचंय." आणि तिने धाकटीचं नाव सांगितलं.

पेंटरने पाटी आडवी ठेवली, डबा उघडला, ब्रश बुडवला. "अक्षरं केवढी काढू? तुमच्याखाली आहेत, थोडी बारीक काढतो. तसंच शोभेल."

थोरलीने वर बघितलं. जिन्याच्या टोकाशी धाकटी उभी होती, कुठल्याशा पेशंटशी हसत बोलत होती, आणि तो पेशंट गाल धरूनही हसत होता. थोरलीच्या पोटात पुन्हा ती ओळखीची कळ उठली. बारीक अक्षरं तशी वाईट दिसली नसती. पेंटर स्वतःच म्हणत होता.

"माझ्याएवढीच काढा," ती घाईघाईने म्हणाली. "आणि लगेच काढा हो, माझ्यासमोर."